पहिला कागद सरकारला

मताचा कागद चोळीत कोंबला अन् तेवढ्यात तानी रडाया लागली. लई जोरात. पडद्याच्या आड मी एकटी, कडेवर पोरगी, समोर दोन उमेदवारांच्या दोन पेट्या, अन् हाताला असा घाम की कागद भिजला असंल असं वाटलं. टेबलावरचा साहेब भाईरून म्हणला, "झालं का बाई?" मी म्हणले, "झालं." काय झालं व्हतं? काय बी झालं नव्हतं. पेट्या तशाच. कागद माझ्या छातीला चिकटलेला. पडदा सारून भाईर आले तर दारात पोलीस. त्यानं माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. "पेटीत टाकला न्हवं?" "टाकला," म्हणले. पोरीला छातीशी घट्ट धरली. त्याला वाटलं असंल, खेड्यातली बाई हाय, गर्दीला भ्याली. तो बाजूला झाला.

मतदान शाळेत व्हतं. शाळेच्या समोर, रस्त्याच्या पल्याड, लिंबाखाली बाज टाकल्ती. बाजेवर सरकार बसल्ते. सरकार म्हंजी आमच्या गावचे देशमुख. गाव आमचं लासूर स्टेशनापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. मतदानाला तेच उभे व्हते. उभ्या माणसानं शाळेपासून लांब बसायचं असा कायदा व्हता म्हणं. पण त्यांचा बाप, आजा, सगळे त्याच लिंबाखाली बसायचे. लिंबाला कोण हलवणार?

आमच्यात रीत हाय. पहिलं जे काय असंल ते सरकारला. शेतातलं पहिलं कणीस, म्हशीचा पहिला चीक, पहिलटकरणीचं लेकरू. कणीस न् चीक गढीवर पोचवायचा. लेकरू पायावर घालायचं, म्हंजी बाजेपुढं भुईवर निजवायचं, सरकारनं पायाचा अंगठा लावला की मंग आईनं उचलायचं. ह्याला नजर म्हणत्यात. तानी झाली तवा पोरगी म्हणून गढीवरनं बोलावणंच आलं नव्हतं. आज आलं.

गढीचा कारभारी म्हणला, "लेकरू ठेव. कागद लेकराच्या अंगावर ठेव."

मी ठेवली. भुईला खडे व्हते. तानी सात म्हयन्यांची. पाठीला खडे टोचले तशी ती हातपाय झाडाया लागली. कागद हलला, कारभाऱ्यानं बोटानं सारखा केला. सरकारनं पाय लांब केला. अंगठा कागदाला लावला. पोरीला नाय. कारभाऱ्यानं कागद उचलून पिशवीत टाकला. मी वाकले पोरीला उचलाया, तर कारभारी म्हणला, "थांब. लेकराला अंगठा लागला नाय अजून."

मी वाकलेली तशीच.

सरकार म्हणले, "पोरीला काय अंगठा लावायचा. कागद तेवढा कामाचा."

सगळे हसले. मी बी हसले.

हे मी लिहिते हाय अन् हात थांबतो. कुणी मारलं नाय मला. कुणी शिवी दिली नाय. माझी पोरगी खड्यांवर पडलेली, रडून निळी झालेली, अन् मी हसले. ते हसतायत तर आपण नाय हसावं तर कसं दिसंल, म्हणून.

पोरीला उचलून वळले तर माझ्या मागं बाया. रस्त्याच्या कडंला रांग. सगळ्यांच्या आधी मला धाडलं व्हतं, कारण मी माहेरी तिसरी यत्ता शिकलेली, अन् आमच्या गावात तिसरी झालेली बाई म्हंजी मीच. गंगूकाकू सगळ्यात पुढं व्हती. म्हातारी बाई, आमच्या शेजारची, माझं बाळंतपण तिनंच केलं. तिनं माझा दंड धरला. हळूच म्हणली, "अगं, तू शिकलेली. त्या मास्तरीणबाई तर म्हणत्या व्हत्या कागद पेटीतच टाकायचा. असं दिलं तर चालतं का?"

मला ठावं व्हतं. ध्यानात घ्या, मला ठावं व्हतं. बाकी कुणाला ठावं नव्हतं, मला एकलीला ठावं व्हतं.

मी म्हणले, "चालतंय काकू. द्या."

काकू गेली आत. मंग तिच्या मागची. मंग तिच्या मागची. सगळ्या चोळीत कागद घालून आल्या. दुपारी कारभाऱ्यानं ते सगळे कागद गढीवरच्या एका गड्याच्या फेट्यात बांधले, तो गडी मत द्यायला आत गेला, अन् आमच्या सगळ्यांचे कागद सरकारच्या पेटीत पडले. मी डोळ्यानं बघितलं. फेटा जाताना फुगलेला अन् येताना बसलेला.

अजून एक जण बघत व्हतं. शाळेच्या भिंतीपाशी मास्तरीणबाई उभी. आमची नजरानजर झाली. मी पदर वढून घेतला.

आता ह्या मास्तरीणबाईचं सांगते. ती औरंगाबादेची. लहान वयात नवरा मेलेला, शिकली, अन् पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज गेल्यावर सरकारी शाळा आल्या तशी आमच्या गावी आली. सकाळी पोरांना शिकवायची, दुपारी बायांना. दुपारी आम्ही सात-आठ जणी जायचो, त्यात निम्म्या झोपायच्या. बाई वरडायची नाय. झोपलेलीला म्हणायची, "झोप गं, उठल्यावर तुला परत सांगते."

मतदानाच्या याद्या करायला तीच घरोघर फिरली. आमच्या दारात आली तवा आत्या, म्हंजी माझी सासू, जात्यावर बसल्ती. बाईनं मला इचारलं, "नाव काय?" आत्या म्हणली, "लिवा की, अमक्याची बायको." बाई म्हणली, "अशी नावं खोडून टाकतेत वरी. हिचं स्वतःचं नाव पाहिजे." आत्या म्हणली, "तिचं काय नाव असणार. लगीन झालं की गेलं ते." मी खालच्या मानेनं नाव सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा. मलाच वंगाळ वाटलं, दुसऱ्याच कुणाचं सांगितल्यावानी.

त्या दुपारच्या वर्गात बाईनं एक दिवस राजाचं काढलं. म्हणली, हैदराबादेत निजामाचं राज व्हतं. राजा जलमाला येतो. तुम्हाला कुणी इचारत नाय, पाहिजे का नको. चांगला निघाला तर नशीब, वाईट निघाला तर मरेपर्यंत तोच, अन् त्याच्या मागं त्याचा पोरगा. आता तसं नाय. आता तुम्ही नेमायचा. नाय आवडला तर पाच वर्सांनी काढायचा.

गंगूकाकू म्हणली, "काढलेल्याला ठिवायचं कुटं?"

सगळ्या हसल्या. बाई बी हसली. "घरी जाईल की तो. आपल्यासारखा."

"आपल्यासारखा?" काकू म्हणली. "मंग तो कसला राजा गं माय."

"तेच सांगते मी," बाई म्हणली.

मी ते ऐकलं, मला पटलं. पण घरी येऊन सांगितलं तर आत्या चिडली. आत्या काय येडी बाई नाय. ती म्हणली, "दुष्काळात गढीनं जवारीचं पेव उघडलं तवा तुझी मास्तरीण कुटं व्हती? माझी दोन लेकरं जगली त्या जवारीवर. निवडलेला माणूस पाच वर्सांनी जाणार, त्याला काय पडलंय माझं लेकरू मरो का जगो. राजा कुटं जात नाय. त्याची लाज त्याला इथंच राखायची असती." माझा नवरा त्या दोन लेकरांतला एक. तो गढीवर सालदार. आमचं घर गढीच्या जागेत. अन् तानीला ताप आल्ता, अंग तव्यावानी, तवा स्टेशनावरच्या डाक्टरकडं न्यायला गाडी गढीनंच जुंपून दिल्ती. ते बी खरं हाय. मी खोटं लिहिणार नाय.

मतदानाच्या आदल्या दिवशी बाईसाहेबांनी, म्हंजी सरकारच्या आईनं, गावातल्या बायांना गढीवर बोलावलं. पानसुपारी दिली. असं कधी झालं नव्हतं, आम्हाला पायरीच्या वर घेतलं. म्हणल्या, "पोरींनो, राज गेलं म्हणत्यात. कुटं गेलं? दिल्लीवाल्यांनी निजामाला काढून परत त्यालाच राजप्रमुख करून ठिवलाच की. एवढ्या मोठ्या मुलखाला धनी लागतो, तर आपल्या गावाला नको का? उद्या तुम्हाला एक कागद देतील. पहिलाच कागद हाय तो तुमच्या जलमातला. पहिलं कुणाला द्यायचं?"

सगळ्या म्हणल्या, "सरकारला."

मंग त्या मला म्हणल्या, "तू वाचणारी हाईस. तू पहिली जा. तुझं बघून बाकीच्या येतील."

मला त्यावेळी काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. एवढ्या बायांत माझं नाव घेतलं. ते बी मी लपवत नाय.

सरकार निवडून आले. ढोल लागले. हत्ती नव्हता म्हणून दोन बैलांची गाडी सजवली अन् सरकारला वरी उभं केलं. ते हात जोडून म्हणले, "आता मी राजा नाय. मी तुमचा सेवक." लोकांनी 'सरकार की जय' केलं. सेवकाच्या पाया पडायला रांग लागली, अन् मी बी त्या रांगेत.

आठ-दहा दिवसांनी तालुक्यावरून एक साहेब आला. मास्तरीणबाईनं अर्ज दिल्ता, बायांचे कागद भाईर नेले म्हणून. चावडीवर चौकशी. अर्जात एकच नाव व्हतं, माझं. बाकीच्यांना बाईनं वाचवलं. माझं नाव काऊन दिलं? मला वाटतं, तिला वाटलं असंल, ही शिकलेली हाय, ही खरं बोलंल.

साहेबानं मला खुर्चीपुढं उभं केलं. शपथ घ्यायला लावली. सरकार बाजूला बसल्ते, पान चघळत, माझ्याकडं बघत बी नव्हते. बघायची गरजच नव्हती. माझा नवरा खांबाला टेकून उभा, त्याची मान खाली. बाई समोर.

साहेब म्हणला, "कागद कुठे टाकला?"

मी म्हणले, "पेटीत."

"बाहेर आणला का?"

"नाय."

"ह्या बाई म्हणतात, तू लेकराला भुईवर ठेवून कागद दिलास."

"लेकरू रडत व्हतं म्हणून खाली ठिवलं. सरकारच्या पाया पडाया. कागद नव्हता."

बाई नुसती बघत ऱ्हायली. वरडली असती तर बरं झालं असतं. साहेबानं लिहिलं, माझा अंगठा घ्यायला शाईचं पॅड पुढं केलं. मी म्हणले, मला सही येती. तिचं वळण बाईनंच घोटून घेतल्तं. खोट्या जबानीखाली मी ती केली. चांगली आली, वळणदार.

म्हयन्याच्या आत बाईची नोकरी गेली. खोटी तक्रार केली, गावात तेढ लावली, असं लिहून आलं म्हणं. तिची पत्र्याची पेटी न् एक वळकटी, बैलगाडीत टाकून ती स्टेशनाकडं निघाली. गावातली एक बाई दारात आली नाय. झोपाळू बाया बी नाय, काकू बी नाय. मी कुडाच्या फटीतून बघत व्हते. गाडी आमच्या दारावरून गेली. बाईनं घराकडं बघितलं. तिला फटीतला डोळा दिसला का नाय, ते मला आजवर कळलं नाय.

तिथून पुढं मला अन्न गोड लागंना. काकू सुदिक माझ्याशी कमी बोलाया लागली. एक दिवस पाण्यावर भेटली. म्हणली, "मी तुला इचारलं व्हतं." एवढंच. घागर उचलली न् गेली.

आता ज्यानं माझं डोळं उघडलं ते सांगते. ते बाईच्या जाण्यानं नाय उघडलं, हे सांगायला मला लाज वाटती. ते माझ्या सोताच्या पोरीवर आलं तवा उघडलं.

दिवाळीच्या सुमाराला बाईसाहेबांनी मला बोलावलं. हिरवं लुगडं ठिवलेलं, वरी खण. म्हणल्या, "तू इमानाची निघालीस. हे घे." मी पदर पसरला. त्यांच्या मांडीवर त्यांची पणती, सरकारच्या पोराची पोरगी, तानीच्याच वयाची, गोरी, पायात चांदीचे वाळे. तानी माझ्या कडेवरून वाकून त्या वाळ्याला हात लावाया बघत व्हती. बाईसाहेब हसल्या. म्हणल्या, "बघ, आत्तापासूनच वढ हाय. हिला हिच्या संगं वाढू दे. जरा कळती झाली की गढीवर आणून सोड. ही लगीन होऊन जाईल तवा तुझी पोरगी पाठराखीण म्हणून संगंच जाईल. जलमाची सोय झाली."

आमच्याकडं ही बी रीत हाय. गढीच्या लेकीसंगं सासरी एक पोरगी जाती. ती परत येत नाय. तिचं लगीन करायचं का नाय, कुणाशी करायचं, ते तिथले ठरवतेत. माझ्या सासूची थोरली बहीण अशीच गेल्ती. आत्या तिचं नाव घेती तवा आवाज बदलतो.

मी त्या दोन पोरींकडं बघत ऱ्हायले. दोघी एकाच वयाच्या. दोघींचं नाक वाहत व्हतं. एक जलमानं राणी, एक जलमानं बटीक. कुणी ठरवलं? त्यांच्या पोटी जलमली ती मालकीण, माझ्या पोटी जलमली ती पाठराखीण. अन् ते मी कबूल केलं व्हतं. मीच तिला खड्यांवर निजवून, तिच्या अंगावर कागद ठिवून कबूल केलं व्हतं. जलमानं राजा असतो हे एकदा मान्य केलं, की जलमानं गुलाम असतो हे बी मान्य झालं. त्याला वेगळा कागद लागत नाय. बाई दुपारी हेच सांगत व्हती अन् मला वाटलं ती हैदराबादचं सांगती.

मी म्हणले, "नाय."

बाईसाहेबांना ऐकूच आलं नाय. म्हंजी आलं, पण त्या शब्दाची त्यांना सवय नव्हती. "काय म्हणलीस?"

"तानीला मी देणार नाय. शाळेत घालणार."

"कोणत्या शाळेत? मास्तरीण तर गेली."

ती गेली नव्हती, मी घालवली व्हती. लुगडं मी खाली ठिवलं, पायरीवर. घडी मोडली. कारभारी पुढं आला, बाईसाहेबांनी त्याला हातानं थांबवलं. म्हणल्या, "जाऊ दे. कुटं जाती. घर आपल्याच जागेत हाय हिचं."

घरी सांगितलं तर आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. नवरा जेवला नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतात गेला अन् मी तानीला पाठीशी बांधून स्टेशनाकडं चालत निघाले. कधी एकटी गावाभाईर गेले नव्हते. आगगाडीत एका म्हातारबाबानं इचारलं, "पोरी, कुटं?" म्हणले, "औरंगाबाद." "कुणाकडं?" मी म्हणले, "मास्तरीणबाईकडं." "नाव काय त्यांचं?" मला सांगता येईना. आम्ही तिला नुसतं बाई म्हणत व्हतो. तिनं घरोघर फिरून आमची नावं इचारली, आम्ही तिचं एकीनं इचारलं नव्हतं.

एवढं ठावं व्हतं की तिचा भाऊ छावणीत शिवणकाम करतो, शिपायांचे कपडे शिवतो. छावणीच्या बाजारात दुकानं इचारत फिरले. उन्हं कलता कलता भावाचं दुकान घावलं. बाईनंच दार उघडलं. अर्धंच उघडलं. वाळली व्हती. माझ्याकडं बघितलं, तानीकडं बघितलं.

मी पायावर पडाया वाकले. तिनं पाय मागं घेतला. "ते नको," म्हणली. "आता कुणाच्याच पाया पडू नकोस. काय काम हाय?"

मी म्हणले, "मी खरं सांगते. ज्याला सांगायचं त्याला सांगते."

ती म्हणली, "तू खोटं बोललीस तेव्हा मी समोर होते. मला तुझा राग येत नाही असं मी म्हणणार नाही. येतो. पण आत ये, पोरीला ऊन लागतंय."

माफ केलं नाय तिनं. अजून केलं नाय. दोन वेळा जेवू घालती, तानीचं डोकं धुती, माझ्याशी कामापुरतं बोलती. मला ते बरं वाटतं. माफ केलं असतं तर मी तिथंच बसून रडले असते अन् पुढचं ऱ्हायलं असतं.

पुढचं असं. सरकारच्या इरुद्ध उभा ऱ्हायलेल्या माणसानं इथं औरंगाबादेत कज्जा लावलाय. ते मतदान खरं का खोटं ह्याची मोठी चौकशी चालू हाय. बाईनं मला तिथल्या वकिलाकडं नेलं. वकील चांगला माणूस. त्यानं मला खुर्चीवर बसवलं, मी काठावरच टेकले. तो म्हणला, "हे बघा, तुम्ही शपथेवर एकदा नाही म्हणालात. आता हो म्हणालात तर ते विचारतील, तेव्हा खोटं की आता खोटं. खोट्या शपथेची सजा आहे. कागद बाहेर आणायचीही सजा आहे. मी तुम्हाला भरीस घालणार नाही."

मी म्हणले, "किती सजा?"

"ते जज्ज ठरवतील."

"लेकरू संगं ठिवता येतं का?"

तो बाईकडं बघाया लागला. बाईनं मान वळवली.

काल दुपारी माझा नवरा आला. छावणीत इचारत इचारत. दुकानाच्या भाईर उभा ऱ्हायला, आत येईना. तानी त्याला बघून हात पसराया लागली, मी तिला त्याच्याकडं दिली. तो तिला घेऊन उभा. म्हणला, "तानीची माय, घरी चल."

"परवा जबानी हाय माझी."

"ती देऊ नको म्हणून तर आलो." त्याचा आवाज चढला नाय. "कारभारी येऊन गेला. म्हणला, जबानी झाली की त्याच दिवशी छप्पर उतरवू. आई दारात बसून हाय. उठत नाय. म्हणती, मी ह्याच घरात मरणार. तिला घेऊन मी कुटं जाऊ, सांग?"

मी तानीचं झबलं सारखं केलं.

"तुला काय निजामाची गादी पाहिजे का? एक कागद व्हता. गेला. आता कशाला?"

"माझा एकलीचा नव्हता. मी सगळ्यांचे द्यायला लावले."

"त्यांनी काय तक्रार केली?"

"काकूनं केली."

तो तानीला माझ्याकडं देत म्हणला, "सरकार वाईट हाय का? सांग ना. मला कधी मारलं नाय त्यांनी. आईला दुष्काळात जगवलं." मी म्हणले, "वाईट नाय. चांगले असले तरी नको. चांगल्याला बी काढता आलं पाहिजे." हे माझ्या तोंडातून कसं निघालं मला ठावं नाय. त्याला कळलं नाय. खरं सांगू, निम्मं मला बी कळलं नाय, पण ते खरं हाय एवढं कळलं. तो गेला. जाताना वळून म्हणला, "पोरीला जप." रागानं नाय म्हणला. रागानं म्हणला असता तर मला सोपं गेलं असतं.

आज हे लिहिते हाय. जबानी उद्यावर आलीया. बाईचा भाऊ मशीन चालवतोय, तानी चिंध्यांच्या ढिगात झोपली हाय. हे लिहायला बाईनं सांगितलं नाय, वकिलानं सांगितलं नाय. उद्या तिथं लई लोक असतील, मी भ्याले न् जीभ टाळ्याला चिकटली तर हे वाचून दाखवावं म्हणून लिहिते. अन् छापणारं कुणी असंल तर छापावं, माझी हरकत नाय.

उद्या मी बाकीच्या बायांची नावं सांगणार नाय. एकीचं बी नाय. माझं सांगणार. म्हणणार की, मला लिहिता-वाचता येत व्हतं. मला ठावं व्हतं. त्यांना ठावं नव्हतं, त्यांनी मला इचारलं, अन् मी द्या म्हणले. सरकारनं घेतला हे खरं, पण मी दिला. देणाऱ्यानं दिल्याबिगर कुणी राजा व्हत नाय. सजा झाली तर भोगणार. लेकरू संगं ठिवू दिलं तर संगं, नाय दिलं तर बाईपाशी, पण गढीवर नाय. कधीच नाय. अन् सुटले तर पुढच्या मतदानाला परत गावात जाणार, पहिली जाणार, सगळ्यांच्या देखत पेटीपाशी.

पण आत्या दारात बसली हाय. ती मला पोटच्या पोरीवानी वागवती असं नाय, पण तानी झाली तवा तिनं मला चाळीस दिवस उठू दिलं नाय. उद्या माझ्या तोंडातून शब्द निघाला की तिच्या डोक्यावरचं छप्पर निघणार. तिचा काय कसूर? ती राजावर इश्वास ठिवती एवढाच. मी तिला बेघर करणार हाय, जाणूनबुजून, शुद्धीत. ह्याच्यावर मला माफी नको अन् शाबासकी बी नको.

मी जाणार. ते ठरलं. तरी मी तुम्हाला इचारते, कारण दुसऱ्या कुणाला इचारायची सोय नाय. एका बाजूला म्हातारी दारात बसलेली, एका बाजूला एवढ्या बायांचं मत अन् एका बाईची नोकरी, अन् मधी तुम्ही, अन् उद्या सकाळी तुमचं नाव पुकारणार. तुम्ही काय केलं असतं?